बोटभरकाकांचा शब्द

विमानतळ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर काचेच्या भिंती, सरकते जिने आणि गोड आवाजातल्या सूचना येतात. हा तसला विमानतळ नव्हता. एक धावपट्टी, पत्र्याचं एक हँगर, चहाची एक खोली आणि वाऱ्याची दिशा दाखवणारी, टोकाला फाटलेली कापडी पिशवी, एवढाच त्याचा पसारा. दोन लहान विमानं आणि एक हेलिकॉप्टर इथून उडायचं. उडवणाऱ्यांना कॅप्टन म्हणत, दुरुस्त करणाऱ्याला इंजिनियर म्हणत, आणि ही सगळी यंत्रं ट्रॅक्टरने ओढत किंवा ढकलत इकडून तिकडे नेणाऱ्या माणसाला बोटभरकाका म्हणत.

नाव पडायला कारण होतं. विमान हँगरमध्ये ढकलताना भिंत जवळ येऊ लागली की बघणारे दोन पावलं मागे सरायचे, आणि ट्रॅक्टरवरून काका आपले शांतपणे म्हणायचे, "अजून बोटभर आहे." खरंच बोटभर असायचं. एकदा म्हणे एका कॅप्टनने फटीत बोट घालून पाहिलं, तर बोट बरोबर गेलं, अंगठी तेवढी अडकली. ही गोष्ट घडलेली की रचलेली ते ठाऊक नाही, पण काकांनी ती कधी नाकारली नाही. माणसाला थोडी बढाई लागतेच.

काका या तळावर आले ते बादली आणि फडकं घेऊन, विमानं पुसायला. पुढे ट्रॅक्टरवर बसले त्याला सत्तावीस वर्षं झाली होती. विमानाचं कसं असतं, वर आभाळात ते राजासारखं जातं, पण जमिनीवर त्याच्याइतकं अडचणीचं दुसरं काही नाही. अंगभर नवे कपडे घालून गर्दीच्या बसमध्ये चढलेल्या माणसासारखं इथे अडकतं, तिथे घासतं. कोणी शिडी काढायला विसरतं, कोणी ब्रेक लागलेला असतानाच ओढायला लागतं, कोणी इंधनाची गाडी मागे घेताना मागे बघतच नाही. हे सगळं या तळावर होऊन गेलं होतं. काकांच्या हातून मात्र सत्तावीस वर्षांत साधा ओरखडा उठला नव्हता.

चहाच्या खोलीत दोन पक्ष होते, विमानवाले आणि हेलिकॉप्टरवाले. दोघांचा चहा एकाच किटलीतला, पण बाकं वेगळी. हेलिकॉप्टरचा कॅप्टन एकदा पाय पसरून म्हणाला होता, "तुम्हा लोकांना उतरायला दीड किलोमीटर डांबर लागतं. आम्हाला एक रुमाल पुरतो."

विमानाचा वयस्कर कॅप्टन चहात बिस्कीट बुडवत होता. मान वर न करता तो म्हणाला, "रुमाल लागणारच. सारखा घाम पुसावा लागतो ना."

त्या दिवसापासून एकाचं नाव रुमाल पडलं आणि दुसऱ्याचं डांबर.

"मी दोन्ही हात सोडले तरी माझं विमान सरळ जातं," डांबर म्हणायचा. "तुझ्या त्या पंख्यात बसून नाक खाजवायचीसुद्धा सोय नाही."

"म्हणून तर आमच्याकडे शिस्तीची माणसं घेतात," रुमाल म्हणायचा. "नाकं खाजवणारी तुमच्याकडे पाठवतात."

ऐकणाऱ्याला वाटावं की हे आता एकमेकांच्या उरावर बसणार. पण एकदा धुकं पडलं आणि रुमालला परतायला तासभर उशीर झाला, तेव्हा डांबर वायरलेसच्या खोलीत उभाच होता. हातातला चहा गार झाला तरी त्याला भान नव्हतं. रुमाल दारात दिसला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "आलास? तुझं बिस्कीट मी खाल्लं."

खोलीच्या भिंतीवर खडूची एक उभी रेघ होती, आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना एकेक खिळा. त्यातल्या एका खिळ्यावर ताटाएवढा ॲल्युमिनियमचा एक पोचलेला तुकडा लटकत असे. कुठल्याशा जुन्या विमानाच्या पंखाचं ते टोक होतं. सगळे त्याला 'पोचा' म्हणत. ज्या पक्षाच्या हातून जमिनीवर काही मोडेल, घासेल, आपटेल, त्याच्या बाजूच्या खिळ्यावर पोचा जायचा आणि समोरच्यांच्या हातून काही मोडेपर्यंत तिथेच राहायचा. तो इकडून तिकडे हलवण्याचा मान बोटभरकाकांचा. ते दोन्ही पक्षांत नव्हते, आणि पोच्याशी त्यांचा स्वतःचा कधी संबंध आलेला नव्हता. रुमालच्या पंख्याच्या वाऱ्याने डांबरच्या विमानाचं उघडं दार बिजागरीतून निखळलं, तेव्हा चूक वारा घालणाऱ्याची की दार उघडं टाकणाऱ्याची, यावर दोन दिवस कडाक्याचं भांडण झालं. काकांनी निकाल दिला, पोचा चार दिवस इकडे, चार दिवस तिकडे. तो दोघांनी मुकाट्याने मानला.

फक्त एका गोष्टीची मस्करी नव्हती. प्रत्येक यंत्रात वैमानिकाच्या खुर्चीशेजारी एक वही असते. त्या यंत्रात काही बिघाड दिसला की तो त्या वहीत शाईने लिहायचा, आणि एकदा लिहिला की इंजिनियर तपासून सही करेपर्यंत ते यंत्र जागचं हलत नाही. ओळ खोडता येत नाही, पान फाडता येत नाही. एकमेकांच्या बुटांत वाळू भरणारी ही माणसं, पण वहीत कोणी उगाच टिंबसुद्धा काढलं नव्हतं. काकांनी तर ती कधी हातातही घेतली नव्हती. त्यात लिहायचा अधिकार कॅप्टनचा आणि इंजिनियरचा.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे एक मस्करी. ती काकांनी केली होती, आणि तिला आठवडाच झाला होता.

कल्पना डांबरची. रुमालला सकाळी सकाळी पळवायचं, त्याला सांगायचं की हेलिकॉप्टरच्या शेपटीच्या पंख्याला काहीतरी लागलंय. हेलिकॉप्टरच्या शेपटीला जो छोटा उभा पंखा असतो ना, त्याच्यावर सगळा तोल. तो गेला की वरच्या मोठ्या पंख्याचा काही उपयोग नाही, यंत्र स्वतःभोवती भोवऱ्यासारखं फिरायला लागतं. त्यामुळे शेपटीचा पंखा म्हटलं की हेलिकॉप्टरवाल्याच्या तोंडचं पाणी पळतं.

"मी सांगितलं तर तो ढुंकून बघणार नाही," डांबर काकांना म्हणाला. "तुम्ही सांगा. तुम्ही कधी खोटं बोलला नाहीत, तीच तर मजा आहे."

काकांनी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा, खोटं कशाला बोला, त्यांना मोह झाला. इतकी वर्षं पंच म्हणून बाजूला उभे होते, खेळायला कोणी बोलावलंच नव्हतं. ते गेले आणि आपल्या नेहमीच्या शांत आवाजात म्हणाले, "कॅप्टन, शेपटीचा पंखा जरा बघून घ्या. काहीतरी लागलंय."

रुमाल दाढी करत होता. अर्ध्या तोंडाला फेस, खांद्यावर टॉवेल, एका पायात चप्पल, अशा अवतारात तो धावपट्टीच्या कडेपर्यंत धावत गेला. तिथे डांबर आणि आणखी चौघे पोट धरून हसत उभे. रुमालला कळायला दोन क्षण लागले. मग तोही हसला, गालावरचा फेस त्याने डांबरच्या शर्टाला पुसला आणि काकांकडे वळून म्हणाला, "काका, तुम्हीसुद्धा? आता या तळावर विश्वास ठेवायचा तरी कोणावर?"

सगळ्यात जास्त काकाच हसले. घरी जाऊन बायकोलाही सांगितलं. ती हसली नाही. तिने फक्त त्यांच्या डाव्या हाताला ठेवलेला कप उचलून उजव्या हाताला ठेवला.

कारण डावीकडचा कप ते हल्ली पाडत असत. डाव्या डोळ्यावर पडदा येत चालला होता. आधी दिव्याभोवती कडं दिसायचं, मग रंग फिके झाले, मग त्या बाजूची वस्तू किती लांब आहे याचा अंदाज चुकू लागला. "डॉक्टरांना दाखवा," बायको आठ महिने सांगत होती. "दाखवतो की पुढच्या महिन्यात," काका आठ महिने म्हणत होते. दरवर्षी कामावर डोळे तपासायचे, पण तक्ता वर्षानुवर्षं तोच. काकांना तो वरपासून खालपर्यंत पाठ होता. मागच्या खेपेला त्यांनी तो घडाघडा म्हणून दाखवला आणि शेरा मिळाला, नजर उत्तम. डोळ्याचं सांगितलं असतं तर ट्रॅक्टर गेला असता, आणि ट्रॅक्टरशिवाय आपण कोण, याचं उत्तर काकांकडे नव्हतं.

आणि मुख्य म्हणजे डावी बाजू सांभाळायला शिट्टीताई होती. विमान ढकलताना पंखाच्या टोकाबरोबर चालत जायचं आणि काही जवळ आलं की शिट्टी वाजवायची, हे तिचं काम. नियमाने दोन माणसं हवीत, दोन्ही पंखांना एकेक. दुसरी जागा दोन वर्षं रिकामी होती. ताई डावीकडून चालायची, उजवीकडचं काका स्वतः बघायचे. ताईच्या लक्षात केव्हाच आलं होतं की काका डावीकडे बघताना आख्खं तोंड वळवतात. ती काही बोलली नाही. शिट्टी मात्र हल्ली हातभर आधीच वाजवायची.

मस्करीला आठवडा झाला त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला वारा उठला. डांबरचं विमान नुकतंच येऊन उभं राहिलं होतं, ते आत घ्यायचं होतं. हँगरच्या दाराशेजारी, काकांच्या डाव्या हाताला, हेलिकॉप्टर उभं. त्याला अकराला बेटावर जायचं होतं. दर आठवड्याला एक डॉक्टर आणि एक नर्स तिथल्या दवाखान्यात जात. पाती बांधून ठेवण्याच्या दोऱ्या नुकत्याच सोडल्या होत्या. ताई शिट्टी गळ्यात अडकवत होती, एवढ्यात तिचा फोन वाजला. शाळेतून होता. मुलगी जिन्यावरून पडली होती, हात सुजला होता.

"काका, एवढं विमान आत घालू, मग जाते," ती म्हणाली. पण तिचे डोळे फाटकाकडे लागले होते.

"तू नीघ. पाच मिनिटांचं काम, मी करतो."

"काका, पण डावीकडे..."

"सत्तावीस वर्षं झाली मला," काका म्हणाले. आवाजात जरा धारच होती. ताई गेली.

काकांनी विमान ढकलायला सुरुवात केली. तोंड पूर्ण डावीकडे वळवून हेलिकॉप्टर बघितलं, बरीच जागा वाटली. मग उजवीकडे बघितलं. पुन्हा डावीकडे वळणार, तेवढ्यात ट्रॅक्टरच्या घरघरीतून एक आवाज आला. टक. दाराला नख लागावं तेवढाच. काकांचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. त्यांनी वर पाहिलं. हेलिकॉप्टरच्या वरच्या पंख्याचं लांब पातं वीतभर सरकून सावकाश थांबत होतं. शेपटीचा पंखा हलल्याशिवाय वरचा हलत नाही, आतून दोन्ही एकमेकांना जोडलेले असतात. आणि त्या बाजूला वारा हँगरच्या आडोशामुळे लागत नव्हता.

विमान हातभर परत बाहेर ओढून ते खाली उतरले. पंखाच्या टोकावर काही नाही. शेपटीच्या पंख्याच्या पात्यावर काही नाही. ते चेहरा अगदी जवळ नेऊन, उजव्या डोळ्याने इंच इंच बघत राहिले. बोट फिरवलं. रंग गुळगुळीत. ना ओरखडा, ना पोचा. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं.

लागलं नसेलच, त्यांनी स्वतःला सांगितलं. ट्रॅक्टरला विमान जोडणारा दांडा करकरला असेल. लागलं असलं तरी किती, टिचकी मारल्याएवढं. ते पुन्हा ट्रॅक्टरवर बसले, विमान आत घातलं, चाकांखाली ठोकळे लावले, दांडा सोडवून जागेवर ठेवला. सगळं नेहमीसारखं. फक्त ते सरकणारं पातं डोळ्यांपुढून हलेना. ही पाती आतून पोकळ असतात, वरून धडधाकट आणि आतून निखळलेली असू शकतात, हे विमानं पुसायला लागल्यापासून त्यांनी शंभरदा ऐकलं होतं. सांगितलं तर पहिला प्रश्न, शेजारी माणूस का नव्हतं? ताई अडकणार. दुसरा प्रश्न, तुम्हाला दिसलं कसं नाही? आपण अडकणार. आणि न सांगितलं तर बहुधा काहीच होणार नाही. बहुधा.

साडेदहाला डॉक्टर आणि नर्स आले. नर्सने लसींचा डबा मांडीवर घेतला आणि दोन्ही हात त्याच्यावर ठेवून ती बाकावर बसली. काका तिच्याकडे बघत उभे राहिले. मग ते सरळ चहाच्या खोलीत गेले. इंजिनियर सुटा भाग आणायला गावात गेला होता, दुपारपर्यंत येणार नव्हता. रुमाल पाठीवर पिशवी टाकून निघतच होता.

"कॅप्टन," काका म्हणाले, "शेपटीचा पंखा जरा बघून घ्या. लागलंय."

पंचाईत अशी, की घाबरले की काकांचा आवाज आणखी शांत व्हायचा. बोटभर जागा उरली असताना यायचा तोच आवाज. आणि तोंडातून शब्दही नेमके तेच निघाले.

रुमाल खो खो हसला. "काका, तोच विनोद दुसऱ्यांदा? आज माझी दाढी झालेली आहे!"

"नाही, आज खरंच. माझ्या हातून लागलंय."

"तुमच्या हातून!" कोपऱ्यातून डांबर ओरडला. त्याने कौतुकाने मांडीवर थाप मारली. "वा काका! आता न सांगता, आपण होऊन! तयार झालात की तुम्ही!"

"अहो, मस्करी नाही. देवाशपथ."

"मागच्या वेळी शपथ राहिली होती, ती आज घातली," रुमाल म्हणाला आणि काकांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना बाहेर घेऊन गेला. उड्डाणाआधी यंत्राभोवती फिरून बघायचं असतं, ते त्याने केलंच. शेपटीच्या पंख्याशी थांबला, पातं निरखलं, हाताने गोल फिरवलं आणि काकांना डोळा मारला. "फिरतंय की! सांगा डांबरला, मी काही धावलो नाही."

झालं. काकांनी सांगितलं होतं, कॅप्टनने पाहिलं होतं. आता काकांच्या माथी काही नव्हतं. कोणी विचारलं तर साक्षीला डांबर होता. एका क्षणासाठी त्यांना इतकं हलकं वाटलं की त्या हलकेपणाचीच त्यांना भीती वाटली. डॉक्टर आत बसले. नर्सने डबा आत सरकवला, पट्टा बांधला. रुमाल आपल्या जागेवर चढून एकेक बटण दाबू लागला.

काका चालत गेले. धावले नाहीत, धावता येत नव्हतं. त्यांनी दुसऱ्या बाजूचं दार उघडलं, खुर्चीशेजारच्या कप्प्यातून वही काढली आणि खिशातलं पेन उघडलं.

"काका?" रुमाल म्हणाला. अजून तो हसत होता. "काका, वही ठेवा. काका, ती वही आहे!"

काका लिहीत होते. डोळ्यामुळे ओळ खाली खाली घसरत होती. त्यांनी लिहिलं, 'आज सकाळी दहा वाजता विमान ढकलताना पंखाचं टोक शेपटीच्या पंख्याच्या पात्याला लागलं. शेजारचं माणूस मी स्वतः पाठवून दिलं होतं. मला डाव्या डोळ्याने नीट दिसत नाही. तपासणीत तक्ता पाठ म्हणून दाखवला.' खाली सही केली आणि वही उघडीच रुमालच्या मांडीवर ठेवली.

रुमालने वाचलं. शेवटच्या ओळीशी पोचला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर हसू नावालाही उरलं नव्हतं. त्याने एकेक बटण बंद केलं. मग मागे वळून म्हणाला, "डॉक्टर, उतरा. आज जायचं नाही."

इंजिनियर एक वाजता आला. त्याने वही वाचली, काकांकडे पाहिलं आणि खिशातून एक नाणं काढलं. अशा पात्याची तपासणी कानाने करतात. तो मुळापासून नाण्याने हळूहळू ठोकत टोकाकडे निघाला. टण, टण, टण, टण. काका, रुमाल, डांबर, तिघे शेजारी उभे. टोक वीतभर राहिलं असताना आवाज बदलला. ठप. इंजिनियर थांबला. मागे येऊन पुन्हा ठोकलं. टण, टण, ठप. ठप. ठप. आतलं सुटलं होतं, वरचा रंग मात्र तसाच चकचकीत.

"उडालं असतं?" रुमालने विचारलं.

"उडालं असतं," इंजिनियर म्हणाला. "कदाचित बेटापर्यंत गेलंही असतं."

रुमाल हँगरच्या मागे गेला आणि बराच वेळ आला नाही. त्याच्या मागोमाग डांबर गेला. परत आला तेव्हा डांबरचा चेहरा एकदम म्हातारा दिसत होता. काकांसमोर उभा राहून तो म्हणाला, "काका, तुमचा शब्द मी उधळला हो. मी उधळला." उधळणारे आपणही होतो, हे काकांना ठाऊक होतं.

चौकशी झाली. तळाच्या साहेबांनी आपल्या हाताने काकांचा उजवा डोळा झाकला आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला सांगितलं. काका म्हणाले, "साहेब, कॅलेंडर कुठे आहे तेवढं सांगा." ट्रॅक्टरची किल्ली काकांनी कोणी मागण्याआधीच टेबलावर ठेवली. जागा सोडून गेल्याबद्दल ताईला लेखी ताकीद मिळाली. काकांना वाटलं होतं की 'मी पाठवलं' असं लिहिल्यावर ती सुटेल. ती तडक त्यांच्याकडे आली.

"तुम्ही मला घालवलं म्हणून मी गेले का काका? मी आई म्हणून गेले. माझं मी सांगितलं असतं. आणि डोळ्याचं मला आठ महिने ठाऊक होतं, ते मी कुठे लिहू?" एवढं बोलून ती रडली आणि मग पंधरा दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

बायकोने ऐकून घेतलं आणि विचारलं, "जेवलात का?" काकांनी नाही म्हणून मान हलवली. ताट वाढून ती समोर बसली. "मी ओरडून सांगायला हवं होतं," ती म्हणाली. "मी नुसता कप हलवत बसले."

पोच्याचं काय करायचं, हा प्रश्न कोणी काढेना. रुमाल म्हणत होता आमच्या बाजूला टांगा, बघूनही मला दिसलं नाही. डांबर म्हणत होता आमच्या. पहिल्यांदाच दोघे तो स्वतःकडे ओढत होते. काका आपला कप न्यायला खोलीत आले, तेव्हा त्यांनी कोपऱ्यातली हातोडी घेतली, बरोबर खडूच्या रेघेवर तिसरा खिळा ठोकला आणि पोचा त्याच्यावर अडकवला. दोन्ही बाकं गप्प होती. त्या खोलीत इतकी शांतता काकांनी सत्तावीस वर्षांत ऐकली नव्हती, आणि ती त्यांना सहन झाली नाही.

महिन्याने डोळ्याचं ऑपरेशन झालं. ट्रॅक्टर परत मिळणार नव्हताच. काकांना भांडारात बसवलं, खिडकीतून नट, बोल्ट, फडकी आणि तेलाचे डबे द्यायला. खिडकीतून नवा ट्रॅक्टरवाला दिसायचा. शिट्टीताई हातभर जागा असतानाच शिट्टी वाजवायची, तो लगेच थांबायचा. उजव्या पंखालाही आता माणूस होतं. 'अजून बरंच आहे,' काकांच्या ओठांवर यायचं, ते गिळायचे.

नवं पातं बसल्यावर हेलिकॉप्टर पुन्हा बेटावर जायचं होतं, त्या सकाळी रुमाल भांडाराच्या खिडकीशी आला. "काका, जरा बाहेर या."

काका बाहेर आले. डॉक्टर आणि नर्स बाकावर होते, नर्सच्या मांडीवर डबा.

"काही सांगण्यासारखं आहे?" रुमालने विचारलं.

काकांना वाटलं, ही मस्करीची सुरुवात. चौघे हसत कुठे उभे आहेत म्हणून त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. कोणी नव्हतं. चहाच्या खोलीच्या खिडकीत डांबर एकटाच उभा होता, हातात बिस्कीट, न बुडवलेलं. मनातून काकांना फार वाटलं की तो काहीतरी ओरडेल, रुमालावरून, घामावरून, कशावरूनही. तो ओरडला नाही.

"कॅप्टन, मी आता भांडारात असतो," काका म्हणाले. "मला काय विचारता?"

"तुम्हालाच विचारतोय."

काका हेलिकॉप्टरभोवती फिरले. दोन्ही डोळ्यांनी फिरले. शेपटीच्या पंख्यापाशी थांबून त्यांनी एकेक पातं मुळापासून टोकापर्यंत पाहिलं. खिशातून नाणं काढलं, ठोकलं, कान लावला. परत ठोकलं. मग येऊन रुमालसमोर उभे राहिले.

"काही नाही," ते म्हणाले.

"नक्की?"

"नक्की."

रुमालने मान हलवली आणि तो आत चढला. पंखा फिरू लागला, धूळ उडाली, हेलिकॉप्टर बेटाच्या दिशेने लहान होत होत दिसेनासं झालं. भांडाराच्या खिडकीशी दोघे-तिघे बोल्ट न्यायला येऊन थांबले होते. काका तिकडे गेलेच नाहीत. आभाळाकडे बघत ते हँगरसमोरच्या फरशीवर उभे राहिले, आणि हेलिकॉप्टर परत येईपर्यंत त्यांनी खिडकी उघडली नाही.